सतरावा आठवडा आणि शाळेचं मौन

एका मुख्याध्यापिकांचं पत्र आलं आहे. वयात येणं आणि गर्भनिरोध या विषयावर शाळेत आरोग्य समुपदेशकांचं सत्र झालं. त्यानंतर आठवड्याने १६ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने वर्गशिक्षिकेला सांगितलं, की पाळी चुकली आहे. मुलगा १७ वर्षांचा, ओळखीतला. आईने हात जोडले म्हणून शाळा पाच आठवडे गप्प राहिली. खासगी रुग्णालयाने ‘आधी एफआयआर आणा’ म्हणून मायलेकींना परत पाठवलं. कालच्या सोनोग्राफीत १७ आठवडे निघाले. आता वडिलांची नोटीस आली आहे, की सत्रामुळेच मुलगी बिघडली. उत्तर काय द्यायचं आणि सत्रं बंद करायची का, असा बाईंचा प्रश्न आहे.

बाई, अशी पत्रं मला वरचेवर येतात आणि दर वेळी चुकीच्या कागदाची काळजी केलेली असते. नोटीस थांबू शकते. गर्भ थांबत नाही.

वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं. अल्पवयीन मुलगी या दुसऱ्या गटातही बसते. २४ नंतर मात्र गर्भात गंभीर व्यंग असेल किंवा तिच्या जिवालाच धोका असेल तेवढंच. एरवी उच्च न्यायालय. तिथे अर्ज, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, पुन्हा तारीख. महाराष्ट्रातल्या १४ वर्षांच्या एका मुलीला उच्च न्यायालयाने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ ला परवानगी दिली, तोवर तिला सुमारे ३० आठवडे झाले होते. शेवटी तिच्या जिवाच्या भीतीने आईवडिलांनीच माघार घेतली आणि आठवड्याभरात तो आदेश मागे घ्यावा लागला. तुम्ही गमावलेले पाच आठवडे म्हणजे काय, ते यावरून समजा.

‘आधी एफआयआर’ ही अट गर्भपाताच्या कायद्यात कुठेही नाही. पोलिसांना कळवणं हे डॉक्टरचंही कर्तव्य आहे. ते काम मुलीच्या आईवर ढकलून उपचार अडवता येत नाहीत. सरकारी रुग्णालयात आजच जा. १८ वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, पण दोन्ही पालकांच्या सह्या हव्यात असं कायदा म्हणत नाही. तिचा सांभाळ करणारी आई सही करू शकते. वडील आडवे आलेच तर लगेच स्थानिक वकील गाठा. आणि मुलीला एकटीला बसवून विचारा, तिला काय हवं आहे. तिच्या मनाविरुद्ध यातलं काहीच होता कामा नये. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरी प्रयोग करू नका. १७ व्या आठवड्यात तो जिवाशी खेळ आहे.

आता तुमच्या मौनाबद्दल. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या कलम १९ खाली असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं असतं. १८ खालच्या मुलीची संमती कायदा धरत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. (एक वर्षाची शिक्षा गुन्हेगार हाताखालचा कर्मचारी असेल तर, ती तुम्हाला लागू नाही.) उशिराने कळवलं तर न्यायालय त्याकडे कसं बघेल, हे प्रकरणागणिक बदलतं, मी हमी देत नाही. पण आज लेखी कळवणं आणि पोलिसांनी येऊन विचारणं यात फार अंतर आहे. आईच्या विनवणीचा मान तुम्ही राखलात हे समजतं, पण कळवायचं की नाही हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं आणि तुमच्याही. वर्गशिक्षिकेलाही हेच लागू आहे.

२०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना मुभा दिली, की मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. ती मुभा डॉक्टरांची आहे. शाळेला लागू होईल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मुलीचा जबाब घरी, साध्या वेशातल्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, हे मात्र तुम्ही आग्रहाने मागा. पोलिसांना कळवलेलं असलं, की गर्भाचा डीएनए नमुनाही रीतसर जपला जातो. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तो १६ च्या पुढचा आणि गुन्हा गंभीर, म्हणून त्याला स्वतंत्र वकील लागेलच.

राहिली नोटीस. कालच्या १७ आठवड्यांवरून मागे मोजा: सत्राच्या दिवशी ती ११ आठवड्यांची गर्भवती होती. सत्राने ती बिघडली नाही. आठवडाभरात तिला तोंड उघडण्याचं बळ आलं. तरी हा हिशेब उत्तरात लिहू नका. तिच्या प्रकृतीचा एक शब्दही त्या कागदावर नको. सत्राची तारीख, विषय आणि समुपदेशकांची नेमणूक, एवढंच द्या. मुलांमध्ये पॉक्सो कायद्याची जागृती करणं हे त्याच्याच कलम ४३ ने सरकारचं काम ठरवलं आहे आणि राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी चालू आहे, हेही नमूद करा.

सत्रं बंद करू नका. पुढच्या सत्राआधी मात्र एक पानाचा लेखी नियम करा: मुलाने काही सांगितलं तर कुणी, कुणाला, किती तासांत कळवायचं. त्यावर प्रत्येक शिक्षकाची सही घ्या, पहिली तुमची.