मॅश्ड पोटॅटो चिकट होतात? आधी मिक्सर बाजूला ठेव

मिक्सरमधून काढलेले मॅश्ड पोटॅटो चिकट होतात, दूध-बटरचं प्रमाण चुकतंय का, असं विचारलंस ना? तुझं प्रमाण ठीक आहे, घोळ मिक्सरमध्ये आहे. पात्याने बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि खळीसारखा चिकट गोळा तयार होतो. मग कितीही क्रीम ओत, तो सुधारत नाही. त्यात कांदा-मिरची घालून थालीपिठं लाव, सुटलास!

घरात पुरणयंत्र असेल तर काम झालंच. परदेशात यासाठी वेगळं यंत्र विकत घेतात, आपल्याकडे ते होळीनंतर माळ्यावर पडून असतं. बारीक जाळी लाव आणि बटाटे गरम असतानाच फिरव. गार झाले की गुठळ्या राहतात.

दादरच्या मंडईत भाजीवाल्याला जुना, कोरडा बटाटा माग. पातळ सालीचा नवा बटाटा रश्श्याला छान, इथे नको. शीतगृहातला गोडसर लागला तर तोही टाळ.

अर्धा किलो बटाटे सोलून, मोठे तुकडे करून, मिठाच्या गार पाण्यात उकळायला ठेव. कुकर मी तरी लावत नाही, बटाटा पाणी पितो. सुरी सहज आत गेली की पाणी निथळ आणि त्याच पातेल्यात मिनिटभर मंद आचेवर वाफ जाऊ दे. ही पायरी सगळे गाळतात.

आधी ५० ग्रॅम बटर, मगच गरम दूध, थोडं थोडं करत साधारण १०० मिली. बाजारातलं पिवळं बटर खारट असतं, तेव्हा वरून मीठ चाखूनच घाल. मिरपूड हवी तर.