नर्सिंग असिस्टंटचा कोर्स आणि बारावी सायन्स एकदम जमेल का?

जमेल. पण तू कागलहून कोल्हापूरला येणार, सकाळी वॉर्ड आणि दुपारी कॉलेज, तर रात्रपाळीला आधीच स्पष्ट नकार दे. जागरणानंतर फिजिक्सची गणितं सुटत नाहीत गं.

बायोलॉजीला मात्र वॉर्डाचा फायदाच होतो. बीपी घेताना पट्ट्यातली हवा हळूहळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज बंद होतो तो खालचा. हे स्वतःच्या हातानं केलंस की रक्ताभिसरणाचा धडा घोकावा लागत नाही.

बोर्डाची प्रॅक्टिकल्स लेखीच्या आधी असतात, ती रजा आत्ताच मागून ठेव.

आणि बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच. एएनएम, जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमा कोर्सना आर्ट्सवाल्यांनाही प्रवेश मिळतो. तिकडेच जायचं असेल तर सायन्ससाठी एवढा जीव काढू नकोस.