शेजाऱ्याला डेंग्यू झाला, तर आमच्या घरी येऊन चौकशी कशासाठी?

तुम्ही विचारलंय की डेंग्यू चार घरं सोडून झाला, मग आरोग्य कर्मचारी तुमच्याकडे येऊन "कुणाला ताप आलाय का, बाहेरगावी कोण गेलं होतं" हे का विचारतात. सरळ धूर का मारत नाहीत? मी ग्रामीण भागात आरोग्यसेवक आहे. ही चौकशी मी दर पावसाळ्यात करतो.

आमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ताप सुरू झाल्याची तारीख. डास चावल्यावर साधारण 4 ते 10 दिवसांनी ताप येतो. म्हणून तारखेवरून मागे मोजतो: त्या दिवसांत माणूस कुठे होता? डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे घराइतकीच शाळा, दुकान, कारखानाही तपासावा लागतो. रक्ताची तपासणीही तारखेवरच ठरते. पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). दिवस चुकला तर डेंग्यू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

अडचण अशी की लोक दवाखान्यात गेले तो दिवस सांगतात. म्हणून मी विचारतो, "मावशी, बाजाराच्या दिवशी बरं होतं का? एकादशीला जेवण गेलं होतं का?" मग खरी तारीख दोन-तीन दिवस मागे सरकते.

आणि तुमचं घर? डेंग्यूची लागण झालेल्या बहुतेकांना त्रास होतच नाही किंवा अगदी किरकोळ होतो. ते दवाखान्यात जात नाहीत, पण त्यांना चावलेला डास विषाणू पुढे नेतो. हा डास फार लांब उडत नाही, म्हणून आजूबाजूची घरं आधी. डासाच्या अंगात विषाणू तयार व्हायला आठ-बारा दिवस लागतात, म्हणून आम्ही दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दार वाजवतो. कृपा करून तेव्हाही उघडा.

अशा शोधातून काय हाती लागतं पाहा. 2021 च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तापाचे रुग्ण वाढले, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले. बरेचसे चिकुनगुन्याचे निघाले, आणि त्यांतच महाराष्ट्रातला झिकाचा (हाही एडिस डासानेच पसरणारा विषाणू) पहिला रुग्ण. रुग्ण बाई तोवर बऱ्याही झाल्या होत्या. नमुना घेतला नसता तर कळलंच नसतं.

धुराने फक्त उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात. म्हणून आम्ही पिंप, हौद, फ्रिजमागचा ट्रे बघू देण्याचा आग्रह धरतो. पिंप नुसतं रिकामं करू नका, आतून घासा; एडिसची अंडी कडेला चिकटून कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात.