"ते गाणं तुम्हाला पहिल्यांदा कोणी ऐकवलं?"

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई. मी पाचोरा तालुक्यातला, वय २८, जळगावला एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत क्वालिटीला आहे, रोज रेल्वेने अपडाऊन करतो. आधीच सांगतो, मी गाण्यांचा आणि सिनेमांचा वेडा माणूस आहे. अकरावीत होतो तेव्हा मोठ्या भावाचा एक मित्र भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा, त्याने त्याच्या इअरफोनची एक बाजू माझ्या कानात घातली आणि पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर' ऐकवलं, तेव्हापासून मला रॉकशिवाय दुसरं काही चालतच नाही. सिनेमा म्हणाल तर 'बिफोर सनराइज', ट्रेनमध्ये दोघं भेटतात, व्हिएन्नाला उतरतात आणि रात्रभर बोलत फिरतात. अकरा वेळा पाहिलाय. माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की आपल्यालाही अशीच कोणीतरी भेटेल, जिला काही समजावून सांगावं लागणार नाही, आपण अर्धं बोललो की पुढचं तिला माहीत असेल. 'विश यू वेअर हिअर' मी तिच्यासाठीच राखून ठेवलंय असं समजा. आता घरचे स्थळं बघतायत. गेल्या महिन्यात धुळ्याचं एक पाहिलं, मुलगी बीफार्म आहे, मेडिकलवर बसते, घरात सगळ्यांना पसंत. आम्हाला दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मी विचारलं रॉक ऐकता का, तर ती म्हणाली नाही हो, मला त्यातलं काहीच माहीत नाही. मग मी त्या गाण्याचं सांगितलं तर म्हणाली, तुम्हाला ते पहिल्यांदा कोणी ऐकवलं? मी ते भुसावळचं सगळं सांगत बसलो, खालून बोलवायला आले तेव्हा पाऊण तास झाला होता. मुलगी चांगलीच आहे ताई पण ते क्लिक झालं नाही. आई रोज विचारते काय कळवायचं. वडील म्हणतात सिनेमे आणि इंग्लिश गाण्यांनी याचं डोकं खराब केलंय. खरंच केलंय का?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : भाऊ, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पाऊण तासापाशीच थांबले. तू ती गोष्ट जाता जाता लिहून टाकलीस, जणू ती महत्त्वाची नाहीच. पण मला सांग, आजवर ते भुसावळचं तू कोणाला सांगितलंस? पत्रावरून तरी वाटतंय की पहिल्यांदाच सांगितलंस. अकरावीतला तो मित्र, ते क्वार्टर, एका इअरफोनच्या दोन बाजू दोघांच्या कानात, हे सगळं एका मुलीने एका प्रश्नात तुझ्याकडून काढून घेतलं आणि ऐकत बसली. तिला रॉकमधलं काही माहीत नाही हे तिने सरळ सांगितलं, उगाच हो हो नाही केलं. आणि मग गाण्याबद्दल न विचारता तुझ्याबद्दल विचारलं.

आधी वडिलांचं घेऊ. गाण्यांनी डोकं खराब होत नाही. गाणी माणसाला वाट बघायला शिकवतात, ती नेहमीच शिकवत आलीयेत. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून म्हणायची गाणी आहेत ना, माहेराची, भावाची, त्या गाण्यांनी माझ्या आजीला मुराळ्याची, म्हणजे माहेरी न्यायला येणाऱ्याची, वाट बघायला शिकवलं, ती ऐंशीची झाली, माहेरी कोणी उरलं नव्हतं तरी आखाजी आली की दारात येऊन बसायची. तिचं डोकं खराब झालं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. 'तू इथे असायला हवं होतंस' म्हणणारं ते गाणं तुला भेटलं नसतं तर कोणाची तरी इतकी कमी भासू शकते हेच तुला कळलं नसतं. ते जप.

माझं पण सांगते. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला ऑक्टोबर १९९५ मध्ये, मी तेव्हा जळगावला कॉलेजात होते, आम्ही मैत्रिणी जाऊन एकामागे एक तीनदा बघून आलो. शेवटी ती चालत्या गाडीमागे धावते आणि तो हात पुढे करतो. त्यानंतर कितीतरी वर्षं भुसावळ स्टेशनवर उभी असले की सुटणाऱ्या गाडीच्या दारात माझं लक्ष जायचं. (ते पंजाबातलं म्हणून दाखवलेलं स्टेशन खरं तर आपल्या रायगड जिल्ह्यातलं आपटा आहे, हे मला खूप उशिरा कळलं.) लग्न झालं अमळनेरला, ठरवून. आमचे हे शिक्षक, गाण्याचं अंग अजिबात नाही, सिनेमाला नेलं तर मध्यंतरानंतर डुलक्या. पहिलं वर्षभर मला वाटायचं की माझ्या आतलं जे काही आहे ते ह्या माणसाला कधीच दिसणार नाही.

मग एक दिवस माझी कॅसेट अडकली. सगळ्यात लाडकी. प्लेअरने टेप खाल्ली, चुरगळून बाहेर आली, मी ओढायला गेले तर तुटली. मी रडले आणि भाजी टाकायला निघून गेले. परत येऊन बघते तर हे जमिनीवर पेपर अंथरून बसलेले, कॅसेटचे पाचही स्क्रू बाटलीच्या झाकणात काढून ठेवलेले, चुरगळलेला तुकडा ब्लेडने तिरका कापला, दोन टोकं जुळवून मागच्या बाजूने सेलोटेप लावली, कडेला आलेली टेप परत ब्लेडने साफ केली आणि पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळत आणलं. तासभर तरी गेला असेल. वाजवलं तर त्या कडव्यातले दोन शब्द गेले होते, बाकी गाणं शाबूत. ह्यांना त्या गाण्यातला स सुद्धा माहीत नव्हता भाऊ. ते माझं आहे एवढंच माहीत होतं. आज ते गाणं मोबाइलवर अख्खं वाजतं तरी त्या जागी माझा कान दोन शब्द सोडून पुढे जातो.

आता तुझ्या गाण्याकडे ये, कारण त्याची गोष्ट तुला माहीत असायला हवी. पिंक फ्लॉइडमध्ये सुरुवातीला सिड बॅरेट होता, बँडचा मुख्य गाणारा आणि लिहिणारा तोच. एलएसडी नावाची नशा आणि मनाचा आजार ह्यात तो हरवत गेला आणि १९६८ मध्ये बँडमधून बाहेर पडला. १९७५ चा त्या गाण्याच्याच नावाचा अल्बम बऱ्याच अंशी त्याच्या आठवणीतून आलाय. त्याच वर्षी ५ जूनला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बँडचं मिक्सिंगचं काम चालू होतं, सिडवरच्याच गाण्याचं, तर एक जाडा माणूस आत येऊन उभा राहिला, डोक्याचे केस आणि भुवयासुद्धा काढलेल्या. बराच वेळ कोणी त्याला ओळखलंच नाही. तो सिडच होता. कळलं तेव्हा त्यांच्यातले काही रडले. म्हणजे ज्याची इतकी आठवण काढत होते तो त्याच खोलीत होता, फक्त ह्यांच्या डोक्यात होता तसा दिसत नव्हता. पुढच्या वेळी अपडाऊनमध्ये ते गाणं लावशील तेव्हा धुळ्याची ती गच्ची आठव.

आणि तुझा सिनेमा. अकरा वेळा पाहिलास तर रेकॉर्डच्या दुकानातला सीन तुला तोंडपाठ असेल. दोघं त्या एवढ्याशा बूथमध्ये उभे, गाणं वाजतंय, तो बघतो तेव्हा ती दुसरीकडे बघते, ती बघते तेव्हा तो मान फिरवतो. नीट आठव, ती गायिका त्याला माहीतच नसते! ती ऐकवते, तो ऐकतो. तुला जे हवंय ना, की पुढचं तिला आधीच माहीत असावं, ते तुझ्या आवडत्या सिनेमात सुद्धा नाहीये. तिथे दोघांना एकमेकांचं काहीच माहीत नसतं म्हणून तर रात्रभर बोलायला पुरतं.

त्याच्या दिग्दर्शकाला, रिचर्ड लिंकलेटरला, १९८९ मध्ये फिलाडेल्फियात खरंच अशी एक मुलगी भेटली होती, दोघं रात्रभर फिरले, मग काही दिवस फोन आणि मग तेही थांबलं. पुढे सिनेमा आला, त्याला वाटायचं कधीतरी ती थिएटरच्या बाहेर भेटेल, पण ती सिनेमा येण्याआधीच एका अपघातात गेली होती आणि हे त्याला कितीतरी वर्षांनी कळलं. ती एक रात्र सुंदर असणार, पण त्या रात्रीच्या भरवशावर पुढे आपोआप काही झालं नाही. त्याच दोघांचे पुढचे भाग तू बघितलेस का? दुसरा २००४ चा, तिसरा २०१३ चा, 'बिफोर मिडनाइट'. पत्रात फक्त पहिल्याचं लिहिलंयस म्हणून विचारते. तिसऱ्यात त्यांना जुळ्या मुली आहेत आणि ग्रीसमधल्या हॉटेलच्या खोलीत ते दोघं असे काही भांडतात की बघताना मला माझ्या स्वैपाकघरातलं ऐकू येत होतं. पण तिथेही ते बोलतच असतात. तो बघ, बाराव्यांदा पहिला बघण्याआधी.

गाण्यात एक गोष्ट कायम असते, ते एकाच तोंडून आलेलं असतं. गिटारवाला गायक एरिक क्लॅप्टनचं 'लैला' घे, १९७० चं, फारसी कवी निझामीच्या लैला-मजनूवरून नाव घेतलेलं, मित्राच्या बायकोसाठी इतकं जळून म्हटलेलं की अजून ऐकताना अंगावर काटा येतो. पुढे १९७९ मध्ये त्या दोघांचं लग्नही झालं आणि दहा वर्षांत मोडलं. तिला काय वाटत होतं ते त्या गाण्यात कुठे आहे? तूही गच्चीवर तिला एकच प्रश्न विचारलास, रॉक ऐकता का. तिने तुला एक विचारला. तिचा जास्त चांगला होता.

तेव्हा असं कर. घरच्यांना सांगून तिला एक फोन कर, किंवा धुळ्याला जाऊन ये, आणि ह्या वेळी तू विचार. मेडिकलवर दिवसभर लोक येतात, कोणाची चिठ्ठी बघून तिला वाईट वाटतं, घरी आल्यावर काय करते, लहानपणी काय ऐकायची, ती काय राखून बसलीय. पाऊण तास तिला बोलू दे. त्यानंतरही मनात काही हललं नाही तर नाही म्हण, मनाविरुद्ध होकार देऊन तिचंही आयुष्य अडकवू नकोस. पण जे काय असेल ते आठ दिवसांत कळव. मुलीच्या घरी महिनाभर निरोपाची वाट बघणं काय असतं ते मी बघितलंय, फोन वाजला की आधी आई उठते, मग वडील उठतात आणि मुलगी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत राहते.

प्रश्न : ताई, मी एसवायला आहे, गावाहून चोपड्याला एसटीने जाते. एक मुलगा दोन महिन्यांपासून माझ्याच एसटीत चढतो, मागे उभा राहतो, कुठून तरी नंबर मिळवून रोज रात्री गाणी पाठवतो. मी दोनदा स्पष्ट नाही म्हटलं. मैत्रिणी म्हणतात किती मनापासून करतोय, सिनेमात पण हिरॉइन आधी नाहीच म्हणते. मला पण असे सिनेमे आवडतात. मी दगड आहे का? घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल.
— एक वाचक

उत्तर : नाही गं बेटा, तू दगड नाहीस. तुला भीती वाटते आणि ती बरोबर वाटते. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' नावाचं एक गाणं आहे, द पोलीस बँडचं, १९८३ चं, लोक ते प्रेमाचं समजून लग्नात वाजवतात, पण ज्याने लिहिलं त्या स्टिंगनेच सांगितलंय की ते पाळत ठेवणाऱ्या, मालकी गाजवणाऱ्या माणसाचं गाणं आहे. चाल गोड आहे म्हणून कळत नाही. सिनेमातही मागे मागे फिरणाऱ्याच्या बाजूने बासरी वाजते म्हणून आपल्याला ते गोड वाटतं. तुझ्या एसटीत बासरी वाजत नाही, तिथे तू बॅग पोटाशी धरून उभी असतेस.

तू नाही म्हटलंस, दोनदा म्हटलंस, त्यापुढे तो जे करतोय त्याला कायद्यात नाव आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, मेसेज करून छळणं पण त्यातच येतं. त्याचे मेसेज डिलीट करू नकोस, तारखेसकट स्क्रीनशॉट ठेव, नंतरच ब्लॉक कर. मुलगा कॉलेजचाच असेल तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी दे. रस्त्यात घाबरलीस तर ११२, आणि नुसतं बोलायचं, विचारायचं असलं तरी १८१ ला, महिलांच्या हेल्पलाइनला, फोन लागतो.

घरचं तू लिहिलंस ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं आहे, करतो तो आणि कॉलेज सुटतं पोरीचं. म्हणून एकदम वडिलांकडे जाऊ नकोस. तुझ्या शिक्षणासाठी जो माणूस घरात भांडेल तो आधी शोध, मामा असेल, काकू असेल, एखाद्या मॅडम असतील. त्यांना स्क्रीनशॉट दाखव आणि त्यांना सोबत घेऊन घरी सांग, पहिलं वाक्य हेच की मी कॉलेज सोडणार नाही. तोवर एसटीत कंडक्टरच्या सीटजवळ बस आणि रोजच्या कंडक्टरना त्या मुलाकडे बोट दाखवून सांगून ठेव. आणि ज्या मैत्रिणी मनापासून करतोय म्हणतात ना, त्यातल्या एकीला आठवडाभर तुझ्यासोबत त्याच एसटीने येऊ दे.