गाडीचं पॉलिश: घासण्याआधी हे वाचा

काळ्या रंगाची नवी गाडी घेऊन वर्षही झालं नाही. सावलीत छान दिसते, पण पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात. सोसायटीत रोज पुसायला माणूस लावलाय, तरी असं का? शोरूमवाले प्रत्येक सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश करून घ्या म्हणतात. — पुणे

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: रोज पुसायला माणूस लावलाय. त्या माणसाचा यात दोष नाही. एक बादली, एक फडकं आणि सकाळी नऊच्या आत उरकायच्या सगळ्या गाड्या. तो तरी काय करणार? पण पहिल्या गाडीवरची वाळू-सिमेंटची धूळ त्याच फडक्यातून तुमच्या बोनेटवर येते आणि रंगावर घासली जाते. त्या रेषा खरं तर गोल नसतातच. बारीक चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण दिव्याभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवरही ते असतात, फक्त दिसत नाहीत.

आता शोरूमच्या सल्ल्याबद्दल. पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. चमक त्याची आणि उन्हापासून रक्षणही तोच करतो. पॉलिश चरे भरत नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाटी आणते. म्हणजे दर वेळी थोडा थर कायमचा जातो. टपावर आणि बोनेटवर पांढुरके पोपडे सुटलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे क्लिअर कोट संपलेला असतो आणि नव्याने रंग देण्याशिवाय इलाज उरत नाही. दर सर्व्हिसिंगला पॉलिश? स्पष्ट नाही म्हणा.

आधी पुसणं बदला. पगार तोच द्या, पण रोज फक्त काचा पुसायला सांगा. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी मारून, शॅम्पूने नीट धुतलेली गाडी पुरे. पिसांचा किंवा कापडी डस्टरही धुळीवर फिरवू नका. हे जमलं, की मग एकदा नीट पॉलिश करून घ्या. उलट क्रमाने गेलात तर महिन्याभरात जाळी परत हजर.

छोटं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशिंग मशीन मागवलंय. घरच्या घरी करायचं तर नेमका क्रम काय? — छत्रपती संभाजीनगर

डीए घेतलंत हे बरं केलंत. गल्लीतल्या बफिंगवाल्याकडचं रोटरी मशीन एकाच जागी गरगर फिरतं, नवख्या हातात रंग जाळतं. डीए फिरता फिरता हलतंही, त्यामुळे चूक सांभाळून घेतं.

तुमच्याकडच्या उन्हात पत्रा तापलेला नको. पहाटे सुरू करा किंवा शेडमध्ये गाडी घ्या. दोन बादल्या हव्यात, एक शॅम्पूची आणि एक हातमोजा खळबळायची. टपापासून खाली या, दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी. मग आयर्न रिमूव्हर फवारा. ब्रेकची लोखंडी धूळ रंगात रुतलेली असते, ती जांभळी होऊन ओघळते. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा.

आता हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून हलके बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागेल. ती खरखर क्ले बारने, म्हणजे रंगावरची घाण ओढून काढणाऱ्या मऊ, मातीसारख्या वडीने निघते. क्ले वापरताना पृष्ठभाग सतत ओला ठेवा, आणि क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, कितीही महाग असला तरी. क्ले स्वतःही थोडे ओरखडे पाडतो, म्हणून तो पॉलिशच्या आधी. इथवर येऊन गाडी मनासारखी दिसली तर थांबा आणि वॅक्स लावा. कित्येक गाड्यांना यापुढे काही लागतच नाही.

पुढे जायचंच असेल तर रबर, काळं प्लास्टिक आणि दारांच्या कडा मास्किंग टेपने झाका. कडांवर रंग पातळ असतो. दोन बाय दोन फुटांचा एकच तुकडा घ्या, आणि सुरुवात सगळ्यात मऊ पॅड व सगळ्यात सौम्य पॉलिशने करा. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मंद वेगात पसरवा, मग वेग वाढवून सावकाश चार-पाच हात. पॅड सपाट राहू द्या. पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. दाब जास्त झाला की चकती फिरायची थांबते, नुसती थरथरते, आणि रेघेवरून ते लगेच कळतं. अधूनमधून पत्र्याला हात लावा. कोमट चालेल, चटका नको. बंपर प्लास्टिकचा असल्याने उष्णता तिथेच साठते, तिथे विशेष जपा.

मग त्या तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून फवारा, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि टॉर्च धरा. हे टाळू नका. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून ते लपवतं, आणि दोन धुण्यांनंतर चरे पुन्हा वर येतात. चरे उरले असतील तरच एक पायरी कडक पॉलिश घ्या. जो ओरखडा नखाला अडकतो, त्याच्या नादी लागू नका. शेवटी वॅक्स किंवा सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम संरक्षक थर.

दसऱ्याला पांढऱ्या बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. कुंकवाचा गुलाबी डाग राहिलाय. कंपाउंडने (कडक पॉलिशने) घासू का? — सातारा

नको. हळद उन्हात आपोआप फिकी पडते. कुंकवाच्या डागासाठी आधी शॅम्पू, मग अल्कोहोल लावलेलं मायक्रोफायबर हलक्या हाताने. तरी उरला तर तेवढ्याच जागी सौम्य पॉलिश, हातानेच. पुढच्या वर्षी पूजेच्या आधी वॅक्स लावा किंवा स्वस्तिक काचेवर काढा. देवाची हरकत नसावी. हाराला तार असेल तर फेरी मारायच्या आधी हार उतरवा. वाऱ्यात ती तार बोनेटवर आपटत राहते.

कबुतरांच्या विष्ठेचे डाग? — नागपूर

त्याच दिवशी काढा. ओलं फडकं पाच मिनिटं नुसतं ठेवून मऊ होऊ द्या, मग उचला. विष्ठा आम्ल असते आणि तापलेला रंग मऊ पडलेला असतो, त्यामुळे तुमच्या उन्हाळ्यात दोन दिवसांतही खड्डा पडू शकतो.

डीलर टेफ्लॉन कोटिंग देतोय, दुसरीकडे 9एच सिरॅमिक. कोणतं घ्यावं? — ठाणे

टेफ्लॉन साधारण 327 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि तव्यावर ते कारखान्यात भाजून बसवतात. तुमच्या गाडीला कोणी इतकं तापवणार नाही. त्या नावाखाली मिळतं ते साधं सीलंट, काही महिने टिकणारं.

सिरॅमिक खरंच टिकतं, पाणी आणि चिखल सहज सुटतो. पण 9एच हा पेन्सिलींच्या कडकपणाचा आकडा आहे, हिऱ्याच्या मोजपट्टीचा नाही. चरे त्यावरही पडतात, आणि खडी उडाली तर रंग टवका देऊन निघतोच. खडीपासून वाचवते ती पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म, तिचा खर्च वेगळाच. दुकानात दोन गोष्टी विचारा: दरात क्ले आणि पॉलिश धरलंय का, आणि आधी रंगाची जाडी मीटरने मोजणार का? चऱ्यांवरच कोटिंग चढवलं तर ते चरे खाली तसेच अडकून राहतात. आणि रोजचं फडकं थांबणार नसेल, तर कोटिंगचे पैसे वाचवा.

आजोबांची निळी प्रीमियर पद्मिनी. पॉलिश करताना फडकं निळं होतंय. रंग जातोय का? — रत्नागिरी

जातोय, पण घाबरू नका. त्या काळच्या रंगावर क्लिअर कोट नसायचा; तुम्ही घासताय तो रंगच आहे. वरचा विटलेला, खडूसारखा थर निघाला की खाली मूळ निळा दिसेल. मशीन लावू नका. सौम्य पॉलिश, हाताने, थोडं थोडं. बोनेटच्या उंच रेषांवर आणि कडांवर जवळपास हातच लावू नका. तिथे प्रायमर पटकन उघडा पडतो.

मात्र त्याआधी खाऱ्या हवेचं काम बघा. चाकांच्या कमानी आणि दारांचा तळ चाचपा. रंगाखाली फुगे जाणवले तर गंज आतून आलाय; तिथे पॉलिश निरुपयोगी, गाडी डेंटर-पेंटरकडे न्या. फुगे नसतील तर मृगाच्या आधी वॅक्सचा एक हात द्या, आणि दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करून घ्या.