सातबारा मालकाचा, वाडी आमची: मंजूर घरकुल बांधायचे कुठे?

प्रश्न : आम्ही रायगड जिल्ह्यातले कातकरी. वाडीत २२ घरे, सगळी एका खाजगी मालकाच्या जमिनीवर. आजोबा त्याच घराण्याच्या शेतात राबायचे, तेव्हापासून वस्ती इथेच आहे. यंदा मालकाने जमीन मुंबईच्या एका माणसाला विकली. त्याने तारेचे कुंपण घातले आणि दोन झोपड्या पाडल्या. ती दोन कुटुंबे नातेवाइकांच्या ओटीवर झोपतात. पीएम-जनमन या आदिम जमातींसाठीच्या केंद्राच्या योजनेतून १४ घरकुले मंजूर आहेत, पण ग्रामसेवक म्हणतात, सातबारा नाहीतर मालकाचे संमतीपत्र आणा. नवा मालक घरटी ४०,००० रुपये देऊन स्टँपपेपरवर अंगठे घेतो आहे. दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर जाईल. पैसे घेऊन उठावे, की आमचा काही हक्क आहे?

उत्तर : हक्क आहे, आणि तो घरकुलापेक्षा जुना आहे. म्हणून आधी एकच: त्या स्टँपपेपरवर कोणी अंगठा उठवू नका. अशा कागदांत बहुधा एक ओळ असते, 'आम्ही मालकाच्या परवानगीने तात्पुरते राहत होतो.' ४०,००० रुपये त्या 'परवानगीने' शब्दाचे असतात. तो शब्द तुमच्या अंगठ्यावर चढला की पुढे कोर्टात तुमचेच म्हणणे तुमच्याविरुद्ध वाचले जाते. ग्रामसेवक मागतात त्या संमतीपत्रातही हाच शब्द दडलेला असतो. घर मिळवायला दिलेल्या कागदाने जागा जाते, ती अशी. संमतीपत्र घ्यायचेच झाले तर वकिलाने वाचल्याशिवाय घेऊ नका.

तुमचा हक्क कूळकायद्यात आहे, म्हणजे १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात. कुळाने किंवा त्याच्या वाडवडिलांनी स्वतःच्या खर्चाने मालकाच्या जागेवर घर बांधले असेल, तर त्या घरातून त्याला उठवता येत नाही, असे कलम १६ सांगते. घर कुळाने बांधलेले नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. कलम १८ हेच संरक्षण शेतमजुरांच्या घरांना लावते. कलम १७ प्रमाणे अशी जागा विकायची तर ती आधी राहणाऱ्याला देऊ करावी लागते. आणि कलम १७-ब प्रमाणे, सरकारने ठरवलेल्या तारखेपासून ती जागा राहणाऱ्याने विकत घेतली असे कायदाच मानतो. किंमत आपसात ठरली नाही तर तहसीलदार, म्हणजे शेतजमीन न्यायाधिकरण, ठरवते. ती जागेच्या वार्षिक भाड्याच्या २० पटींपेक्षा जास्त असू शकत नाही. मालक बदलल्याने यातले काही बुडत नाही.

नव्या मालकाचा वकील दोन ठिकाणी धरेल. पहिले, 'हे शेतमजूर नाहीत, भट्टीकामगार आहेत.' कायद्यात शेतमजूर म्हणजे शेतातल्या अंगमेहनतीवर ज्याचे मुख्यतः पोट चालते तो. म्हणून अर्जात 'आम्ही मजुरी करतो' एवढेच लिहून भागत नाही. कोणाच्या शेतात लावणीला, कापणीला, झोडणीला जायचे, आजोबा कोणत्या घराण्याकडे राबत होते, मजुरी भातात मिळायची की पैशात, हे नावानिशी लिहा. दुसरे, 'वस्ती नंतरची आहे.' यासाठी जुना कागद लागतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, शाळेच्या दाखल्यातला वाडीचा उल्लेख, जुन्या मतदार याद्या, जन्म-मृत्यू नोंदी, विजेच्या पहिल्या जोडणीची तारीख. नमुना ८ ने मालकी सिद्ध होत नाही, वहिवाट मात्र दिसते, आणि इथे तेच हवे आहे.

तहसीलदारांकडे कलम १६, १७-ब आणि १८ खाली प्रत्येक घराचा स्वतंत्र अर्ज करा. बावीस जणांचा एक अर्ज केला आणि त्यातल्या तिघांनी पैसे घेतले, तर बाकीच्या एकोणिसांवर बालंट येते. सोबत स्थळपाहणी आणि पंचनाम्याची मागणी करा. पंचनाम्यात कारवीचा कुड, मेढी, चूल एवढेच नको. ओटा, परसू, दारातले झाड, पाण्याला जायची वाट यांची मापे आली पाहिजेत. हक्क घराखालच्या जागेबरोबर त्याला लागून असलेल्या आवश्यक जागेवरही आहे. जो भाग मोजला गेला नाही, तो कुंपणात जातो.

त्याच आठवड्यात तलाठ्यांकडे चौकशी करा, नव्या मालकाचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवायची नोंद, मंजूर झाला का? नसेल तर नोटिशीनंतरच्या १५ दिवसांत लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या, म्हणजे फेरफार वादग्रस्त ठरून सुनावणी लागते. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेटही टाका. ते ९० दिवस चालते, आणि तुमचे ऐकून घेतल्याशिवाय मालकाला एकतर्फी मनाई हुकूम मिळत नाही. मालकाने दावा लावलाच तर कूळकायद्यातला मुद्दा कलम ८५-अ खाली तहसीलदारांकडे पाठवा, अशी मागणी लेखी उत्तरात आलीच पाहिजे. दिवाणी न्यायालयाला तो मुद्दा स्वतः ठरवता येत नाही.

पाडलेल्या दोन झोपड्यांचे काम वेगळे आणि जास्त घाईचे आहे. विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागण्याचा दावा झोपडी पाडल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो. त्यात मालकी कोणाची हा प्रश्न येत नाही. ताबा होता आणि कायदेशीर मार्गाशिवाय काढून घेतला, एवढे पुरते. झोपडी पाडल्याची तारीख आजच वहीत लिहून ठेवा. सहा महिने उलटले की हा सोपा रस्ता बंद होतो.

सोबत पोलिसांत फिर्याद. नवा मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(g), म्हणजे जागेतून बेकायदा हुसकावणे, आणि ३(१)(z), म्हणजे घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे, ही दोन्ही फिर्यादीत मागा. मराठी प्रतीत उपकलमांची अक्षरे वेगळी छापलेली असतात, म्हणून अक्षरावर अडू नका, कृत्य शब्दांत लिहा. दुसऱ्या कलमावर अडून बसायचे कारण असे: त्याखाली पीडिताला एक लाख रुपये मदत आणि पाडलेले घर सरकारी खर्चाने पुन्हा उभारून देण्याची तरतूद नियमांत आहे. गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकत नाही. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर तीच पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. जातीचा दाखला हातात नाही म्हणून फिर्याद अडत नाही. खटल्यात मात्र तो लागेल, तेव्हा त्याचा अर्ज आजच करा.

आता घरकुल. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. म्हणून पीएम-जनमनचे दोन लाख रुपये, शौचालयाचे १२,००० आणि रोहयोची मजुरी तुम्हाला लागू आहे. ही मोहीम नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली ती तीन वर्षांसाठी आखून, तेव्हा 'जागेचा निकाल लागल्यावर बघू' म्हणत थांबलात तर मंजुरी हातची जाईल. उलट वादातल्या जागेवर फोटो काढून जिओ-टॅग केला, पहिला हप्ता उचलला आणि मालकाने काम थांबवले, तर वसुलीची नोटीस तुमच्या नावावर येते. मधला रस्ता असा: गटविकास अधिकाऱ्यांना प्रत्येक लाभार्थ्याने लेखी कळवा की कलम १७-ब चा अर्ज अमुक क्रमांकाने प्रलंबित आहे, मंजुरी रद्द करू नये, जिओ-टॅग पर्यायी जागा ठरल्यावर घ्यावा.

पर्यायी जागेची मागणीही लगेच सुरू करा. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला एक लाखापर्यंत मदत मिळते. कोणी विकायला तयार असेल तर तुकडेबंदीचे कारण पुरत नाही; घरकुलासाठी लहान तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने घेता येतो. जिल्हाधिकाऱ्यांकडे गावठाण विस्ताराचा अर्जही द्या. गुरचरणावर जाऊन बसायचा सल्ला कोणी देईल. ऐकू नका. तिथली घरे नियमित होणे फार कठीण झाले आहे.

ही कामे रेंगाळतात ती प्रत्येक कार्यालय दुसऱ्याच्या कागदाची वाट बघते म्हणून. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात अर्ज करून तहसीलदार, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक आणि भूमी अभिलेख यांची एकत्र बैठक मागा आणि इतिवृत्तात कोण काय कधी करणार हे तारखेसह लिहून घ्या. इतिवृत्ताची प्रत मिळेपर्यंत बैठक झाली असे समजू नका. पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, आधार मात्र घेऊ नका. रायगड अनुसूचित क्षेत्रात येत नाही, आणि अर्जात तो मुद्दा घातला की समोरच्याला सगळाच अर्ज कच्चा म्हणायला निमित्त मिळते.

वकिलाचा खर्च नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

ज्यांनी स्टँपपेपरवर अंगठा आधीच दिला आहे त्यांनी 'मजकूर वाचून दाखवला नाही' असे, खरे असेल तर, आठ दिवसांत स्पीड पोस्टाने कळवावे आणि पैसे खर्च न करता वेगळे ठेवावेत. भट्टीवर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बँकेत एक लहानसा व्यवहार करावा, दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते आणि हप्ता परत जाऊ शकतो. विटांच्या कामाने बोटे झिजून आधारला ठसे जुळत नाहीत, तेही आत्ताच अद्ययावत करून घ्या. २६ जानेवारी आणि १ मेची ग्रामसभा तुम्ही नसताना होईल. तुमच्या जागेचा ठराव तिथे येऊ नये म्हणून वाडीत थांबणाऱ्या दोघांकडे बावीसही अर्जांच्या पोच असलेल्या प्रतींचा एक संच ठेवा, दुसरा वकिलाकडे.