आजोबांची ७०-८० वर्षं जुनी पेटी (हार्मोनियम) विकायची आहे, रीड जर्मन आहेत म्हणतात, भाता फाटलाय. किती किंमत येईल? आधी पॉलिश करून घेऊ का?

पॉलिश करू नका. किमतीचं पुढे लिहिते, पण तुमचं शेवटचं वाक्य वाचल्यावर मला राहवलं नाही. पेटी घरात आहे ना, मग घरातच राहू द्या. "ठेवून जा, चकाचक करून देतो" असं म्हणणाऱ्या कुणाच्याही दुकानात ती एक रात्रसुद्धा ठेवू नका.

पेटीची किंमत म्हणजे आतल्या सुरांची, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पितळी जिभांच्या रीडची, किंमत. बाहेरचं सागवान, पितळी कड्या, जाळीवरची नक्षी या सगळ्याचे मिळून चार पैसे येतात. ७०-८० वर्षांचं तर काहीच येत नाही. ‘अँटिक’ हा शब्द डोक्यातून काढून टाका. तो शब्द वापरून तुमच्याकडे येणाऱ्याला एकतर हॉटेलात शोभेला पेटी हवी असते, नाहीतर त्याला सूर काढून घ्यायचे असतात.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते, ते ऐका.

आमची पेटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९६२ साली सांगलीत घेतली. बंद पडलेल्या एका नाटक कंपनीच्या सामानातली होती. अण्णा प्राथमिक शिक्षक. दोन महिन्यांचा पगार गेला आणि आईने वर्षभर त्यावरून ऐकवलं. साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्या, खर्ज (खालचा) आणि नर (त्याहून वरचा) अशा सुरांच्या दोन ओळी, म्हणजे ८४ सूर, सगळे जर्मन. आकाशवाणीवर तेव्हा पेटीला बंदी होती. १९४० साली घातलेली ती बंदी १९७१ पर्यंत टिकली, आणि अण्णांना तिचा भयंकर राग होता. भजन-कीर्तनात, संगीत नाटकात जिच्यावाचून पान हलत नाही ती रेडिओला चालत नाही, हे ते वर्गातल्या पोरांनासुद्धा सांगायचे.

त्या पेटीला एक खोड होती. खर्जातली काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, जरा उशिरा बोलायची. पट्टी दाबली की आधी नुसती हवा ऐकू यायची, मग सूर. अण्णा तिला ‘म्हातारी’ म्हणायचे आणि वाजवताना ते बोट अंमळ आधी ठेवायचे. मी नवव्या वर्षापासून त्याच पेटीवर शिकले, त्यामुळे माझंही बोट तिथे आधीच जातं, अजून जातं.

१९९४ साली दादाचं लग्न ठरलं. पाहुणे येणार, पेटी कळकट दिसते, म्हणून दादाने ती शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे पॉलिश आणि भात्याच्या चामड्यासाठी टाकली. तीन आठवड्यांनी ती आरशासारखी होऊन आली. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला अण्णा पेटीवर बसले आणि आत्याने तुकोबांचा अभंग सुरू केला. आत्याची नजर काचबिंदूने गेलेली होती, तिला ती चकाकी दिसणार नव्हती. दुसऱ्या ओळीवर ती थांबली आणि म्हणाली, "अण्णा, आपली पेटी कुठंय?"

सगळे हसले. मी मात्र पाहुणे गेल्यावर खर्जातली काळी पाच दाबली. ती चटकन बोलली. मी पेटी उघडून पाहिलं. आमचे सूर जुन्या तांब्यासारखे काळपटलेले होते, हे पिवळेधमक होते. दादा म्हणाला, साफ केलेत म्हणून चमकतात आणि दुरुस्त झालेत म्हणून लगेच बोलतात, तुला पेटीतलं काय कळतं? मी तेव्हा १९ वर्षांची होते, दहा वर्षं त्याच घरात त्याच पेटीवर रियाज करत होते, आणि दादाला सा कुठला हेसुद्धा सांगता येत नव्हतं. दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, चिंचेने घासलेत. सूर लागलेली रीड कुणी चिंचेने घासत नसतं! जिभेच्या टोकाशी कानशीचा एक हलका हात फिरला तर सूर चढतो, मुळाशी फिरला तर उतरतो, इतकं नाजूक काम ते.

अण्णा काहीच बोलले नाहीत. चार-सहा महिन्यांत त्यांनी घरी पेटी वाजवणं सोडलं. दादाचं म्हणणं, बोटांचे सांधे धरले म्हणून सोडलं. आमच्या घरात हा वाद पुढे २३ वर्षं चालला, दर गणपतीला.

अण्णा गेल्यावर, २०१७ साली, मी पेटी मिरजेला नेली. मिरजेचं नाव सतार-तंबोऱ्यांसाठी, पण पेटी मन लावून उघडणारा एक कारागीर तिथे मिळाला. मी समोर बसून राहिले. त्याने पहिल्या सुराचे दोन स्क्रू काढले, सूर उचलला आणि काही न बोलता रीडबोर्ड, म्हणजे सूर बसवलेली फळी, माझ्याकडे फिरवला. लाकडावर आधीच्या सुराची फिकट सावली होती, आत्ताच्या सुरापेक्षा चांगली बोटाच्या पेराएवढी लांब. त्या सावलीच्या टोकांना जुन्या स्क्रूंची भोकं होती आणि त्यांत काडेपेटीच्या काड्या ठोकून वर मेण भरलेलं होतं. त्याने एकामागून एक दहा सूर उचलले. दहाही तसेच.

मी फोटो काढून तिथूनच दादाला पाठवले. संध्याकाळी त्याचा फोन आला. "असेल बदललं. पण अण्णांनी बोटांमुळेच सोडली."

दादा, तू हे वाचशील म्हणून लिहिते. मारुतीच्या देवळात मंडळाच्या पेटीवर अण्णा २००५ पर्यंत दर शनिवारी बसत होते. त्याच बोटांनी.

आता तुमची पेटी.

वरची नावाची पाटी पाहून काही ठरवू नका. पाटी दुसरीकडची लावता येते. घरात ‘जर्मन’ म्हणतात, आजोबांच्या वेळी असतीलही, पण त्यानंतर पेटी कितीदा दुरुस्तीला गेली ते घरात विचारा. पेटी उघडून रीडबोर्डच्या खालच्या बाजूचे सूर चांगल्या उजेडात पाहा. सगळ्यांचा रंग सारखा मुरलेला आहे का? मधेच चार-पाच वेगळ्या तजेल्याचे दिसतात का? जिभेवर कानसीचे ओरखडे किती? फार असतील तर ती पेटी पुष्कळदा जुळवलेली आहे, जीभ पातळ झालेली आहे, आणि तसा सूर जोरात भाता मारला की थरथरतो किंवा उतरतो. सुरांच्या टोकांशी रिकामी भोकं किंवा मेणाचे ठिपके दिसले तर काय समजायचं ते वर लिहिलंच आहे.

भाता फाटलाय त्याची फार काळजी करू नका. भाता नवा घालता येतो, चामडं बदलता येतं. भात्याची फाट वरून कापड चिकटवून तात्पुरती बंद करा आणि एकेक खुंटी (कुठली ओळ वाजायची ते ठरवणारी) ओढून एकेका ओळीतला प्रत्येक सूर वाजवून पाहा. जो बोलत नाही तो मेलाय असं लगेच धरू नका, कितीदा तरी जिभेखाली धुळीचा कण किंवा झुरळाची तंगडी अडकलेली असते. सुईने उचकू मात्र नका. बोर्डाला तडा किंवा वाळवी असेल तर मात्र किंमत खरीच पडते.

आकडा हवाय म्हणून सांगते. गेल्या काही वर्षांत ओळखीतले पाच-सहा व्यवहार मी पाहिले. देशी सुरांची, भाता गेलेली जुनी पेटी ३ ते ५ हजारांच्या वर गेली नाही. जर्मन सूर शाबूत, पण भाता फाटलेला, अशी एक २२ हजारांना गेली. वाजती, दोन्ही ओळी निर्मळ असलेली एक ४० हजारांना एका शिकवणाऱ्या बाईंनी घेतली. ही सगळी पश्चिम महाराष्ट्रातली आणि हातपेट्यांची गोष्ट आहे. तुमची पायपेटी असेल तर हे आकडे सोडून द्या, तिचं गिऱ्हाईक वेगळंच असतं आणि थोडं असतं.

आणखी दोन गोष्टी, मघाशी रागाच्या भरात राहिल्या. गुजरातमधल्या पालिताण्याचे देशी सूर सगळे टाकाऊ असतात असं नाही, चांगल्या हाताने जुळवलेले असले तर रोजच्या भजनाला उत्तम चालतात. आमच्या पेटीत जे घातले ते वाईट होते असंही मी म्हणत नाही, ते आमचे नव्हते इतकंच. दुसरं, जुन्या पेट्या पुष्कळदा आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण पट्टीला नसतात. साथीला नेणारा वादक मोबाईलवरचा तंबोरा लावून तपासेल आणि त्यावरून भाव पाडेल. त्याचं म्हणणं खोटं नाही, कारण सगळी पेटी जुळवायची म्हणजे प्रत्येक सुराला कानस लागणार. तुम्ही स्वतः आधी जुळवून घेऊ नका, ज्याला घ्यायची आहे त्याला ठरवू द्या.

आणि विकायच्या आधी, दुरुस्तीच्याही आधी, आजच्या आज एक करा. पेटी उघडून रीडबोर्डच्या सुरांच्या बाजूचे फोटो घ्या, दोन्ही ओळींचे, सुरांची टोकं आणि स्क्रू स्पष्ट दिसतील असे. इथे टाका, मी पाहून सांगते.